मनगट मोडलं तेव्हाच विचारायला हवं होतं : आईची हाडं, डेक्सा आणि आता पुढे काय

नारायणबागवाली | १४ जानेवारी, रात्री ९:४०

तिळगूळ घ्या गोड बोला मंडळी. सणाच्या दिवशी दुखण्याचा धागा काढतेय, माफ करा, पण आज दिवसभर आई पलंगावर पडून खिडकीतून पतंग बघत होती आणि मला काही राहवेना.

आई ७१ ची. बाबा गेल्यापासून माझ्याकडेच असते, इंदूरला. आमच्याकडे नर्मदेचे नळ एक दिवसाआड पहाटे येतात, हौदात पाईप सोडायचा म्हणून ही चार वाजल्यापासून उठून बसायची, कितीही सांगा. २०२१ च्या पावसाळ्यात अशीच पाईप ओढायला गेली, अंगणातल्या शेवाळलेल्या फरशीवर पाय सरकला, हात टेकला आणि डावं मनगट मोडलं. जिन्यावरून नाही पडली की गाडीवरून नाही, उभ्या उभ्या पडली. प्लास्टर झालं, सहा आठवड्यांनी काढलं, "या वयात छान जुळलंय" म्हणाले, कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या आणि आम्ही खुशीत घरी. विषय संपला असं समजलो. तिथेच चुकलो.

नंतर बारीक बारीक गोष्टी होत गेल्या त्या आता एकेक आठवतात. साडी पायात यायला लागली. म्हणायची "हल्ली साड्याच लांब काढतात, निऱ्या वर खोचाव्या लागतात." पण तिच्या तीस वर्षं जुन्या इंदुरी साड्या पण पायात येत होत्या हे माझ्या लक्षातच आलं नाही. लोणच्याची बरणी ज्या फळीवर ती कायम ठेवते तिथे हात पुरेना म्हणून मला हाका मारायची. मी म्हटलं वय झालं.

दिवाळीच्या साफसफाईत अर्धी बादली उचलली, अर्धीच, आणि जागच्या जागी बसली. पाठीत काहीतरी कटकन झालं म्हणाली. आम्ही तीन आठवडे बाम, शेक, पट्टा. लचक भरली असेल असं वाटलं. शेवटी एक्सरे काढला तर एल१ मणका (कमरेचा पहिला) समोरून दबून पाचरीसारखा झालेला. नवीन डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, याआधी कधी हाड मोडलं होतं का? मी मनगटाचं सांगितलं. ते म्हणाले, मग तेव्हा डेक्सा केली का? मला डेक्सा म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, हाडांची घनता मोजणारी तपासणी असते ती. आईची उंची मोजली, शाळेत नोकरीला लागली तेव्हाच्या मेडिकलच्या कागदावर १५४ सेंटिमीटर आहे, आता १४८ भरली.

डेक्सा डिसेंबरमध्ये केली. कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोर -३.४, खुब्याच्या मानेचा -२.९. व्हिटॅमिन डी ११. डी चा कोर्स चालू केलाय आणि तो झाला की वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं इंजेक्शन द्यायचं म्हणतात. नातेवाईक घाबरवतायत, जबडा सडतो, मांडीचं हाड मोडतं वगैरे. कुणाच्या घरी हे झालंय का? काय केलंत? आणि मी स्वतः ५१ ची आहे, पाळी ४६ लाच गेली, मी काही करायला हवं का?

---

सुदामानगर_३२ | १४ जानेवारी, रात्री १०:०५

ताई वाचून पोटात कालवलं. माझ्या सासूबाईंचं अगदी हेच, आधी मनगट, मग तीन वर्षांनी खुबा. खुब्याचं ऑपरेशन झालं पण त्या पूर्वीसारख्या चालल्याच नाहीत, आणि दहाव्या महिन्यात गेल्या. मनगटाच्या वेळी आम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं. तुमच्या हातात वेळ आहे, दवडू नका.

---

जुनी_इंदूरचे_काका | १५ जानेवारी, सकाळी ६:५०

एवढ्या इंजेक्शनांच्या मागे लागू नये असं माझं प्रामाणिक मत. आमची आजी विहिरीवरून पाणी आणायची, घरची म्हैस होती, थंडीत तीळ, डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी. ८८ वर्षं जगली, कधी गोळी खाल्ली नाही. आईला दूध, तीळ, नाचणी द्या, सकाळच्या कोवळ्या उन्हात बसवा, हाडजोडीची वेल मिळते तिचा पाला द्या. औषधांनी हाड कडक होतं पण ठिसूळ होतं असं ऐकलंय.

---

डॉक्टर_तिलकनगर | १५ जानेवारी, दुपारी ३:१५

ताई, मी फिजिशियन आहे, २८ वर्षं प्रॅक्टिस. इथे लिहितोय ते समजून घ्यायला, निर्णय तुमच्या डॉक्टरांसोबतच घ्या. पण तुमचा धागा वाचून दुपारची ओपीडी संपल्या संपल्या बसलो कारण हे मी दर महिन्याला बघतो.

पन्नाशीनंतर उभ्या उंचीवरून पडून हाड मोडलं तर तो नुसता अपघात नसतो, हाड आतून विरळ झाल्याची ती पहिली खबर असते. आपण काय करतो तर मोडलेलं जोडतो, आणि ज्या हाडामुळे मोडलं त्याला हात लावत नाही. हाड जोडणारा वेगळा, औषध देणारा वेगळा, मधल्यामध्ये पेशंट घरी जातो. आणि पहिल्या फ्रॅक्चरनंतरची एक-दोन वर्षं सगळ्यात धोक्याची. मणका दबलेल्या साधारण पाचातल्या एका बाईचा वर्षाच्या आत आणखी एक मणका दबतो. त्यात दबलेल्या मणक्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश कुणाला कळतच नाहीत, कंबर भरली म्हणून सोडून देतात. म्हणून उंची. तरुणपणापेक्षा ४ सेंटिमीटर किंवा जास्त कमी झाली असेल तर मणक्यांचा एक्सरे काढायचाच. घरी बघायचं असेल तर भिंतीला टाचा आणि पाठ लावून उभं करा, डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकली पाहिजे. टेकत नसेल तर दाखवा.

आकडे समजून घ्या. टी-स्कोर म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या तुलनेत तुमचं हाड कुठे. -१ पर्यंत ठीक, -१ ते -२.५ च्या मध्ये असेल तर ऑस्टिओपेनिया म्हणजे विरळ व्हायला लागलंय, -२.५ किंवा खाली ऑस्टिओपोरोसिस. ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली आखली. पण खुबा किंवा मणका मोडला असेल तर आकडा काहीही येवो, निदान झालंच. साध्या एक्सरेवर भिस्त ठेवू नका, हाडाचा साधारण ३० टक्के भाग गेल्याशिवाय त्यात विरळपणा दिसत नाही.

काका, तुमच्या आजीबद्दल मनापासून आदर आहे. ओझी वाहिली, दूधदुभतं होतं, उन्हात होत्या, म्हणून तरुणपणीच हाडांची तिजोरी भरलेली. ती तिजोरी तिशीपर्यंत भरते, नंतर खर्चच. बायकांचं इस्ट्रोजेन पाळीसोबत गेलं की हाड खाणाऱ्या पेशी मोकाट सुटतात आणि पहिली पाच-सात वर्षं झीज फार वेगाने होते. आज ७१ व्या वर्षी दबलेल्या मणक्याला तीळ खाऊन ते परत येणार नाही. आहार हवाच, औषधाच्या जोडीला हवा. एक विचारतो काका, रागावू नका, आजी शेवटी वाकल्या होत्या का?

औषध ठिसूळ करतं हे अगदीच निराधार नाही, पण प्रमाण बघा. वर्षातून एकदा देतात ते झोलेड्रॉनिक ॲसिड, ५ मिलिग्रॅम. २००७ साली आलेल्या मोठ्या चाचणीत तीन वर्षांत मणके दबण्याचं प्रमाण ७० टक्क्यांनी आणि खुबा मोडण्याचं ४१ टक्क्यांनी कमी झालं होतं. जबड्याचा त्रास हाडांच्या या डोसला फार क्वचित होतो, कॅन्सरच्या पेशंटला हेच औषध दर महिन्याला जातं तिथे जास्त. दात काढायचा असेल तर आधी काढून घ्या, जखम भरू द्या, मग इंजेक्शन. मांडीचं हाड विचित्र ठिकाणी मोडणं हे वर्षानुवर्षं न थांबता घेतलेल्यांत आणि तेही थोड्यांना, म्हणूनच ठरावीक वर्षांनी थांबायचं का ते बघतात. मांडीत किंवा जांघेत नवीन दुखणं सुरू झालं तर लगेच सांगायचं. आधी क्रिएटिनिन बघायचं, किडनी फार कमजोर असेल तर हे चालत नाही, आणि डी कमी असताना दिलं तर रक्तातलं कॅल्शियम धाडकन उतरतं. तुमचे डॉक्टर आधी डी भरतायत ते एकदम बरोबर.

पण एक विचारा त्यांना. मणका ताजा दबलाय आणि स्कोर -३.४ आहे, अशा वेळी आधी हाड बांधणारं औषध, टेरिपॅराटाइड, आणि मग हे, असाही क्रम असतो. रोज पोटावर टोचायचं, २० मायक्रोग्रॅम, साधारण दोन वर्षं. महाग आहे आणि सगळ्यांना चालत नाही, कॅन्सरसाठी कधी किरणांचा शेक (रेडिएशन) घेतला असेल किंवा कॅल्शियम वाढलेलं असेल तर नाही.

आणि इतर कारणं शोधली का? थायरॉइड, पॅराथायरॉइड, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, हिमोग्लोबिन, ईएसआर, प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस. मायलोमा नावाचा रक्ताचा कॅन्सर पण मणका दाबून समोर येतो. एवढं झालेलं असू दे.

तुमचं स्वतःचं : पाळी जाऊन पाच वर्षं झालेली, आईला फ्रॅक्चर. डेक्सा करून घ्या, वाट कशाला बघायची.

---

पलासियाकर | १५ जानेवारी, संध्याकाळी ७:३०

डॉक्टरसाहेब, बागेत सकाळी फुकट कॅम्प होता, टाचेला जेल लावून मशीनमध्ये पाय ठेवायला सांगितला, -२.१ आला, लगेच पावडरचा डबा घ्यायला सांगितला १८०० चा. मी ४४ ची आहे, रात्रभर झोप नाही.

---

डॉक्टर_तिलकनगर | १५ जानेवारी, रात्री ९:००

ते टाचेचं अल्ट्रासाउंड. त्याचा आकडा आणि डेक्साचा आकडा एकाच फूटपट्टीचे नाहीत, -२.५ ची रेघ त्याला लागू होत नाही. त्यावरून निदान करायचं नाही आणि औषध तर नाहीच. शिवाय पाळी चालू असताना टी नाही, झेड-स्कोर (आपल्याच वयाच्या बायकांशी तुलना) बघतात. पावडर राहू द्या, झोपा शांत. पाळी नियमित आहे, हाड मोडलेलं नाही, स्टेरॉइड नाही, तर तूर्त खाणं आणि व्यायाम.

---

राजवाड्याचा_भिया | १६ जानेवारी, रात्री ११:१०

सगळे बायकांबद्दलच लिहितायत म्हणून लिहितो. माझे वडील, ६६. दमा आणि सांधेदुखी. कुणीतरी सांगितलं एक पुडी खा, एकदम आराम पडतो, ते पाच वर्षं खात राहिले, वर डॉक्टरची प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) वेगळी. नंतर कळलं पुडीत पण बहुतेक तेच होतं. एक दिवस शिंकले, फक्त शिंकले, आणि दोन मणके. पुरुषाला असं होतं हे आमच्या डोक्यातच नव्हतं, पहिले दोन महिने आम्ही किडनी स्टोनच्याच चकरा मारल्या. नंतरच्या डॉक्टरने सांगितलं की तीन महिन्यांच्या वर स्टेरॉइड चालणार असेल तर पहिल्या दिवसापासून हाडांचा विचार करायचा, आणि पन्नाशीपुढच्या पाचातल्या एका पुरुषाचं असं हाड मोडतं. आता आठवड्याची अलेंड्रोनेट ७० ची गोळी चालू आहे रविवारी. तिचा पण कायदा आहे भिया, सकाळी उठून निरण्या पोटी, ग्लासभर साध्या पाण्यासोबत, चहा दूध काही नाही, आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका जळते. पपांना रविवारी पोहे-जलेबी उशिरा मिळते म्हणून कुरकुर असते पण घेतात.

स्टेरॉइड मनाने बंद पण करू नका कुणी, ते पण धोक्याचं आहे, हळूहळू उतरवायला लागतं.

---

स्नेहलतागंज_माई | १७ जानेवारी, दुपारी १२:२०

व्हिटॅमिन डी वाल्यांनी हे वाचा, हात जोडून सांगते. आमच्या शेजारच्या काकूंना ६०,००० ची पुडी आठवड्यातून एक, आठ आठवडे, असं लिहिलं होतं. घरात कुणी नीट वाचलं नाही, दुकानातून एकदम दोन पाकिटं आणली, त्या रोज एक दुधात घालून घेत राहिल्या, संपली की परत आणली. दोनेक महिन्यांनी उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, आणि असंबद्ध बोलायला लागल्या, आम्हाला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. ॲडमिट केल्यावर कळलं कॅल्शियम आकाशाला भिडलंय आणि किडनीवर ताण आलाय. दहा दिवस सलाइन. व्हिटॅमिन आहे म्हणजे कितीही चालतं असं नाही हो, हे अंगात साठून राहतं. कॅलेंडरवर त्या त्या वाराला गोल करा, पुडी घेतली की खूण करा.

---

बडोदेकरीण | १७ जानेवारी, रात्री १०:४५

माहेर इंदूर, सासर बडोदा, दोन्हीकडचं वाचते. माझी गोष्ट मुद्दाम सांगते कारण यातलं कुणी आम्हाला बजावून सांगितलं नव्हतं.

सासूबाईंना सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन चालू होतं, डेनोसुमॅब, ६० मिलिग्रॅम, दंडात कातडीखाली. तीन वर्षं छान. डेक्सा सुधारलेली, बाई पुन्हा मांडवीला भाजीला जायला लागल्या. मग धाकट्या दिरांकडे पुण्याला गेल्या, तिथे त्यांच्या डोक्यात नव्हतं, इथे आमच्या डोक्यातून गेलं, आणि स्कोर बरा आलाय मग घाई काय असंही वाटलं. पाचेक महिने उशीर झाला. एका रात्री कुशीवर वळताना कळ आली आणि एमआरआयमध्ये चार मणके. एकदम चार. पडल्या नाहीत, उचललं काही नाही. डॉक्टर म्हणाले हे औषध चांगलं आहे पण ते थांबलं की दाबून ठेवलेली झीज स्प्रिंगसारखी उसळून येते, म्हणून थांबवायचं असेल तर ठरवून दुसरं औषध लावून थांबवतात, नुसतं सोडत नाहीत.

ज्यांच्या घरी हे चालू आहे त्यांनी आज उठून पुढची तारीख फ्रिजवर चिकटवा. आमच्याकडे आता तीन मोबाईलमध्ये रिमाइंडर आहे. तेव्हा एक जरी असता तर.

---

नारायणबागवाली | १७ जानेवारी, रात्री ११:३०

बडोदेकरीण ताई, वाचून काय बोलू. सासूबाई आता कशा आहेत?

---

बडोदेकरीण | १८ जानेवारी, सकाळी ९:१०

चालतात, वॉकर घेऊन, घरातल्या घरात. देवासमोर बसता येत नाही म्हणून देव्हारा उंच करून घेतला, खुर्चीत बसून पूजा करतात.

---

जुनी_इंदूरचे_काका | १८ जानेवारी, सकाळी

डॉक्टरसाहेब, दोन दिवस विचार करत होतो. हो. आजी वाकली होती. शेवटची आठ-दहा वर्षं कमरेत काटकोनात, मान वर करून बोलायची. एका थंडीत महिनाभर अंथरुणात होती पाठ धरली म्हणून, त्यानंतर जास्त वाकली. आम्ही ते म्हातारपणच समजत होतो. सगळ्याच आज्या वाकलेल्या होत्या गल्लीतल्या.

घरी पत्नी ६८ ची आहे. भिंतीला उभं केलं. डोकं टेकत नाही, दोन बोटं जागा राहते. उद्या नंबर लावतो. डेक्साला काय तयारी लागते तेवढं सांगा.

---

डॉक्टर_तिलकनगर | १८ जानेवारी, दुपारी २:४०

काका, हे लिहिलंत त्याबद्दल आभार. तयारी काही नाही, उपास नको. आदल्या २४ तासांत कॅल्शियमची गोळी नको. धातूची बटणं, हुक, कमरपट्टा नको. हल्ली बेरियम किंवा कॉन्ट्रास्ट देऊन तपासणी झाली असेल तर सांगा. दहा-पंधरा मिनिटं उताणं झोपायचं, बोगद्यात जायचं नसतं, किरणं अगदी नगण्य. कंबर आणि खुबा दोन्ही करायचं सांगा. वयाने कमरेत हाडं वाढलेली असली की तिथला आकडा खोटा चांगला येतो, तिथे खुबा खरं सांगतो. डोकं टेकत नाहीये तर सोबत पाठीचा बाजूने एक्सरे पण. आणि पुढची डेक्सा दीड-दोन वर्षांनी त्याच मशीनवर.

---

सराफ्याची_सून | १९ जानेवारी, दुपारी ४:००

खाण्याबद्दल लिहिते, मी डाएटिशियन आहे. आयसीएमआरच्या २०२० च्या तक्त्यात मोठ्यांना रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितलंय, पाळी गेलेल्या बायकांना १२००. मी पेशंटला विचारते दिवसभरात दूध किती, तर उत्तर येतं "चहात असतं ना". चहातलं दूध मोजलं तर अर्धी वाटी भरत नाही! मोठा पेलाभर दूध म्हणजे साधारण ३०० मिलिग्रॅम. वाटीभर दही म्हणजे आणखी दीडशे-दोनशे. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास, आपल्याकडे माळव्यात ती फार खात नाहीत पण थालीपिठाच्या भाजणीत घाला, कळत पण नाही. तिळात १०० ग्रॅमला हजाराच्या वर, पण ते सालासकट तिळात, पांढऱ्याशुभ्र पॉलिश तिळात ते बरंचसं निघून गेलेलं असतं, आणि १०० ग्रॅम तीळ कोण खातं, दोन चमचे खातो आपण. पण रोजचे दोन चमचे चटणीत गेले तरी बरंच. शेवग्याचा पाला, राजगिऱ्याचे लाडू. पालकावर विसंबू नका, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं. डाळी, पनीर, अंडं चालत असेल तर अंडं, कारण नुसत्या कॅल्शियमने भागत नाही, हाडाचा सांगाडा प्रोटीनचा असतो. म्हाताऱ्या माणसांचं रात्रीचं जेवण म्हणजे दोन घास खिचडी, तिथेच सगळं राहून जातं.

गोळी घ्यायची वेळ आलीच तर एका वेळी ५०० च्या वर नको, अंगाला लागत नाही. कार्बोनेटवाली जेवणासोबत, सायट्रेटवाली कधीही. थायरॉइडची गोळी आणि हिच्यात चार तासांचं अंतर. आणि उन्हाचं, काका, सकाळी सातचं कोवळं ऊन छान वाटतं पण डी तयार करणारे किरण त्यात फारसे नसतात, अकरा ते दोनमधलं पाऊण तास नाही तर वीस-पंचवीस मिनिटं, हातपाय उघडे ठेवून, काचेमागून नाही. मे महिन्यात अर्थातच सांभाळून.

---

फिजिओ_ताई_अन्नपूर्णा | १९ जानेवारी, रात्री ८:५०

आईंना कमरेतून पुढे वाकायला बंद करा, हे पहिलं. मणका समोरून दबलाय, पुढे वाकलं की भार तिथेच येतो. पश्चिमोत्तानासन, हलासन, सूर्यनमस्कारातलं पायाला हात लावणं, पोट कमी करायला उताणं झोपून उठायचे व्यायाम (सिट-अप्स), काही नको. योगवर्गाला जाणाऱ्या बायका उत्साहात हेच करतात आणि मग माझ्याकडे येतात. खालची वस्तू घ्यायची तर गुडघे वाकवून किंवा चिमट्याने.

दुखणं उतरलं की खुर्चीतून हात न टेकता उठायचं बसायचं, पाच वेळा, मग आठ, मग दहा. ओट्याला धरून टाचा वर करणं. ओट्याला एक बोट लावून एका पायावर दहा सेकंद. भिंतीला पाठ लावून खांदे मागे दाबणं. आणि थोडं वजन, अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या चालतात. नुसतं फिरून पुरत नाही, हाडाला भार लागतो तेव्हा ते भरतं, आणि पायात ताकद असेल तर माणूस सरकला तरी सावरतो.

घर बघा. बाथरूममध्ये भिंतीला दांडा, टॉवेलचा नाही, वजन घेईल असा. रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा. पायपुसणी आणि सतरंज्या उचला. मागून पट्टा असलेली चप्पल. मोतीबिंदू झाला असेल तर काढून घ्या. झोपेची गोळी, बीपीची गोळी, कशाने उठल्यावर गरगरतं ते डॉक्टरांना सांगा. आणि ताई, तो नळाचा पाईप!

---

नारायणबागवाली | रंगपंचमी, संध्याकाळी ६:१५

खूप जणांनी विचारलं म्हणून लिहितेय, एवढे दिवस धावपळीत गेले.

डॉक्टर_तिलकनगर यांनी लिहिलेलं सगळं कागदावर उतरवून नेलं. आमचे डॉक्टर रागावतील अशी भीती होती पण ते म्हणाले बरं झालं विचारलंत, खर्च आणि रोजचं टोचणं बघून मीच हा पर्याय बोललो नव्हतो. इतर तपासण्या झाल्या, सगळं ठीक निघालं, पॅराथायरॉइड थोडं वर होतं ते डी कमी असल्यामुळे, डी भरल्यावर उतरलं. मग टेरिपॅराटाइड ठरलं. मला वाटलं आई रोजच्या सुईला नाही म्हणेल. ती म्हणाली, समोरच्या काकू वीस वर्षं इन्सुलिन टोचतायत, मला काय झालंय.

पेन फ्रिजच्या दारात ठेवलंय, दह्याच्या भांड्याशेजारी नको म्हणून वेगळ्या डब्यात, एक पेन २८ दिवस. पहिल्या आठवड्यात टोचल्यावर थोडं गरगरायचं म्हणून रात्री पलंगावर बसूनच घेते. आता स्वतःच्या हाताने घेते, मला फक्त सुई बदलायला लावते. दोन वर्षं हे आणि मग लगेच वर्षातून एकदाचं, मध्ये गॅप नाही, कारण गॅप पडली तर कमावलेलं जातं, हे डॉक्टरांनी तीनदा सांगितलं आणि मी बडोदेकरीण ताईंची आठवण ठेवून तारखा तिघांच्या मोबाईलमध्ये टाकल्यात. एक हलणारी दाढ होती, ती आत्ताच काढून घेतली.

पाठ बरीच कमी दुखते. खुर्चीतून सहा वेळा उठते. लोणच्याची बरणी मी खालच्या फळीवर आणली तर रुसली होती दोन दिवस.

माझी डेक्सा -१.८. औषध नाही सांगितलं, दूध, वजनाचा व्यायाम आणि दोन वर्षांनी परत. आम्ही दोघी संध्याकाळी सोबतच करतो, ती खुर्चीवर, मी बाटल्या घेऊन.

हौदाला प्लंबरकडून कायमची लाईन आणि फ्लोट बसवून घेतला, पाणी आपलं आपण येतं आणि भरलं की आपलं आपण थांबतं. अंगणातल्या फरशीवर खडबडीत टाइल. तरी पहाटे चारला उठते आणि खिडकीत बसून नळाचा आवाज ऐकते, पाणी आलं गं, म्हणून मला उठवते. आज गेर (रंगपंचमीची मिरवणूक) बघायची होती तिला, गर्दीत नेणं शक्य नव्हतं, बहिणीच्या राजवाड्याजवळच्या गॅलरीत पट्टा लावून खुर्चीत बसवली. गुलाल तिथपर्यंत आला. आत्ता केस धुऊन झोपलीये.

काका, काकूंचा रिपोर्ट काय आला? तुम्ही लिहिलंच नाही.

---

जुनी_इंदूरचे_काका | रंगपंचमी, रात्री ९:३०

एक मणका जुना दबलेला निघाला, स्कोर -२.८. तिला कधी दुखलं ते आठवत नाही, बहुतेक सुनेच्या बाळंतपणाच्या वेळी महिनाभर पट्टा लावून काम करत होती तेव्हा. वर्षाचं इंजेक्शन मागच्या शुक्रवारी दिलं, सलाइनमधून अर्धा तास. दुसऱ्या रात्री १०१ ताप आणि अंग मोडून आलं, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही, पॅरासिटामॉल दिली, तिसऱ्या दिवशी उतरला. तिळाची चटणी चालूच आहे, सालासकटच्या तिळाची. मुलींना दोघींना फोन करून सांगितलं, आई आणि पणजी दोघींचं सांगितलं.